जॅझ बेस: एक नॉब खाली केला की गुणगुणाट, बँडमध्ये आवाज हरवतो. पिकअप बदलू का?

मंद्रसप्तक

बेस गिटार स्क्वायर अफिनिटी जॅझ, चार तारा, पॅसिव्ह (आत बॅटरी नाही), पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारे) सिरॅमिक चुंबकाचे. तारा निकेल राउंडवाउंड ४५-१०५. केबल सहा मीटर. वापर हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात, बहुतेक वेळा डीआय बॉक्समधून (बेस मिक्सरला जोडायची डबी) थेट मिक्सरला.

तक्रारी अशा:

दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की शांत. कुठलाही एक थोडा जरी खाली केला की 'हूं' असा आवाज सुरू होतो.

घरी एकटा वाजवला की टोन मस्त, भरदार वाटतो. कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि किक ड्रम सुरू झाले की बेस आहे की नाही तेच कळत नाही. व्हॉल्यूम वाढवला की नुसती धमधम वाढते, सूर कळत नाही.

'जी' (सर्वांत बारीक) तार बाकीच्यांपेक्षा दबते.

मल्टिमीटरने जॅकवर मोजलं: दोन्ही फुल असताना ३.६ किलोओहम, फक्त नेक पिकअप ६.८, फक्त ब्रिज पिकअप ७.२.

बजेट आठ-दहा हजार. नवे पिकअप घ्यावेत का? तांब्याची टेप लावून फरक पडेल का? आणि 'सिरीज' स्विचबद्दल ऐकलंय, ते नक्की काय असतं?

रीळ_आणि_चुंबक

आधी मापांचं बघू, कारण ती तुम्ही नीट घेतली आहेत. जॅकवरून मोजताना दोन्ही व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचे बदलते रेझिस्टर) पिकअपला समांतर येतात. २५० किलोचे दोन, म्हणजे १२५ किलो. ते वजा केले तर नेक पिकअप साधारण ७.२ आणि ब्रिज ७.६ किलोओहम निघतो. दोन्ही रिळं (पिकअपमधली तारेची गुंडाळी) धडधाकट आहेत, एकही वायर तुटलेली नाही.

गुणगुणाटाचं म्हणाल तर तो बिघाड नाही, जॅझ बेसचा स्वभाव आहे. प्रत्येक पिकअपमध्ये एकच रीळ, आणि एकेरी रीळ म्हणजे खोलीतल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरची अँटेना. दोन पिकअपपैकी एकाचं रीळ उलट गुंडाळलेलं आणि चुंबकही उलटं असतं. त्यामुळे तारेचा सिग्नल बेरजेत जातो आणि गुणगुणाट वजाबाकीत. ही वजाबाकी दोन्ही नॉब सारखे असतील तेव्हाच पुरती होते. एक १० वर आणि दुसरा ९ वर असला तरी हिशोब चुकतो. दोन्ही फुल असताना तुमचा बेस शांत आहे, म्हणजे जोडी बरोबर जुळलेली आहे.

टेपवर पैसे घालण्याआधी आवाज कुठल्या जातीचा आहे ते ठरवा. बेस हातात धरून जागच्या जागी सावकाश गोल फिरा. एखाद्या दिशेला गुणगुणाट जवळजवळ नाहीसा झाला तर तो चुंबकीय. तांबं, ॲल्युमिनियम, शाईसारखं काळं पेंट, यातलं काहीही त्याला थोपवत नाही. आवाज बारीक, चरचरीत असेल (डिमर, एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर, ट्यूबलाइटचा चोक) आणि तारांना हात लावल्यावर कमी होत असेल, तर तो विद्युत क्षेत्रातून येतोय, तिथे टेप खरंच उपयोगी पडते. हात लावल्यावर आवाज कमी होणं हा दोष नाही. तुमचं शरीर अँटेना आहे, ब्रिजच्या वायरमधून ते ग्राउंडला जोडलं जातं, एवढंच. उलट हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर जॅकच्या दोन वायरी उलट लागल्यात किंवा ॲम्पला अर्थिंग नाही.

अर्थिंगवरून आठवलं. मांडवात जनरेटरवर किंवा दोन पिनांच्या एक्स्टेन्शनवर वाजवत असाल, तर आधी मल्टिमीटर एसीवर ठेवून बेसच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यातला व्होल्टेज बघा. काही व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर वाजवू नका, वायरमनला बोलवा. गुणगुणाट जातो म्हणून प्लगची मोठी पिन काढणारे लोक आहेत. तसं कधीही करू नका.

आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झचा, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९.० हर्ट्झचा. म्हणून जी वाजवून धरला की गुणगुणाटाशी त्याची सेकंदाला एक अशी लाट ऐकू येते. खालचं कापून गुणगुणाट घालवू म्हणाल तर नोटही जाईल.

पुणेरी_खर्ज

दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीला पैसे लागत नाहीत, एक स्क्रूड्रायव्हर लागतो.

दोन्ही नॉब फुल ठेवणं ही जॅझची सर्वांत सुंदर आणि बँडमध्ये सर्वांत निरुपयोगी सेटिंग आहे. एकच तार दोन जागांवरून ऐकली की मधल्या पट्टीतले काही स्वरांश एकमेकांना खोडतात. एकट्याने वाजवताना हा खोलगट टोन श्रीमंत वाटतो, पण किक खालचा भाग खाते, कीबोर्डवाल्याचा डावा हात मधला भाग खातो आणि बेसला काही उरत नाही. मिक्सरवर २०० ते ८०० हर्ट्झमध्ये बेसची ओळख असते, तिथेच तुमचा टोन रिकामा आहे. खालचा ४० ते ६० कितीही चढवलात तरी धमधम होणार. कीबोर्डवाल्याला डावा हात खिशात घालायला सांगणं हा खरा उपाय, पण तो कोणी मानत नाही.

आता उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या बाजूपासून पिकअपच्या खुंटापर्यंतचं (वर दिसणाऱ्या धातूच्या गोल टोकापर्यंतचं) अंतर पट्टीने मोजा. ई तारेकडे ३ मिमी, जी तारेकडे २ ते २.५ मिमी ही सुरुवात. जॅझ पिकअपला चार कोपऱ्यांत चार स्क्रू असतात, त्यामुळे तो हवा तसा तिरका करता येतो. जी दबते तर जी बाजूचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा उलटे फिरवून तेवढी बाजू वर घ्या, ई बाजू तितकीच खाली. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर वाजवून बघा. ब्रिजजवळ तारेची हालचाल लहान असते, म्हणून ब्रिज पिकअप नेकपेक्षा थोडा वर हवा. तसं नसेल तर ब्रिजचा नॉब फिरवला काय, न फिरवला काय, सारखंच.

फार वर घेऊ नका. ई तार चुंबकाने ओढली गेली की वरच्या फ्रेटवर नोट डगमगते आणि ट्यूनर काटा स्थिर ठेवत नाही. लोक मग इंटोनेशन (फ्रेटवरचा सूर) जुळवत बसतात, दोष मात्र पिकअपचा असतो.

स्क्रू उलटा फिरवला आणि पिकअप वर आलाच नाही, तर खालचा फोम बसलेला आहे. पिकअप काढा आणि खोबणीत पिकअपच्या रुंदीचे घट्ट इव्हा फोमचे दोन तुकडे टाका, १० मिमी जाडीचे. पॅकिंगचा मऊ पांढरा फोम नको, महिन्याभरात पुन्हा बसतो.

अफिनिटीचे खुंट एका पातळीत असतात आणि फिंगरबोर्डला ९.५ इंचाची गोलाई आहे. म्हणजे मधल्या ए आणि डी तारा खुंटांपासून जरा दूर राहतात. या दोन दबत असत्या तर तिरकं करून काही झालं नसतं. तुमची जी दबते, म्हणजे काम सोपं आहे.

लॅमिंग्टन_रोड

सिरीजचं मी सांगतो. भाऊ, या बेसवर करण्यासारखा एकच बदल निवडायचा तर हाच.

आत्ता तुमचे दोन पिकअप समांतर आहेत. सिरीज म्हणजे एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं तोंड. आवाज मोठा होतो, मधली पट्टी भरते, वरची चमक कमी होते. प्रिसिजन बेसच्या १९५७ पासूनच्या दुभंगलेल्या पिकअपमध्येही दोन अर्धी रिळं सिरीजमध्येच असतात, म्हणून कल त्या बाजूला जातो. हुबेहूब प्रिसिजन होणार नाही, कारण पिकअपची जागा वेगळी. दुसरा फायदा असा की सिरीजमध्ये गुणगुणाट कायम कटतो, कारण दोन्ही रिळांमधून एकच प्रवाह जातो आणि व्हॉल्यूम कमी केला तरी जोडी फुटत नाही. तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या तक्रारीला मिळून एकच औषध.

सामान: एक २५० के पुश-पुल पॉट (नॉब ओढला-दाबला की स्विच बदलणारा), ए टेपर (त्याच्यावर ए२५०के लिहिलेलं असतं, बी म्हणजे लिनिअर, तो नको). बारीक वायर एक फूट. शिसं ६०/४०, ०.८ मिमी. सोल्डरिंग आयर्न ४० वॅट किंवा जास्त. २५ वॅटचा पॉटची पाठ तापवू शकत नाही, तुम्ही दाबत राहता, वर शिशाचा गोळा बसतो, आत धरत नाही, आणि तेवढ्यात पॉटच्या आतला कार्बनचा पट्टा भाजून निघतो. पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडा, आयर्न टेकवून तीन-चार सेकंदांत डाग बसला पाहिजे. नळकामाची ॲसिडवाली पेस्ट अजिबात नको, पावसाळ्यात सगळं हिरवं होतं.

टोनचा पॉट काढून त्या जागी पुश-पुल बसवा, म्हणजे व्हॉल्यूमचे डाग हलवावे लागत नाहीत. वरचे तीन पाय टोनला जसे होते तसेच जोडा. खालचे सहा पाय म्हणजे स्विच: तीन-तीनच्या दोन रांगा, प्रत्येक रांगेत मधला पाय कॉमन.

पुढे क्रमाने:

१. नेक पिकअपची काळी (ग्राउंडची) वायर पॉटच्या पाठीवरून सोडवा. ती पहिल्या रांगेच्या मधल्या पायाला.

२. पहिल्या रांगेत, नॉब खाली असताना मधल्याशी जो पाय जुळतो (मल्टिमीटरच्या बीपने शोधा, अंदाज करू नका), त्यावरून एक वायर ग्राउंडला.

३. ब्रिज पिकअपची गरम (सिग्नलची) वायर तिच्या व्हॉल्यूमच्या मधल्या पायावरून काढा आणि दुसऱ्या रांगेच्या मधल्या पायाला लावा.

४. दुसऱ्या रांगेत, नॉब खाली असताना जुळणाऱ्या पायावरून नवी वायर ब्रिज व्हॉल्यूमच्या त्याच मधल्या पायाला.

५. दुसऱ्या रांगेचा मधला पाय आणि पहिल्या रांगेचा उरलेला (नॉब वर असताना जुळणारा) पाय एकमेकांना जोडा. दुसऱ्या रांगेचा उरलेला पाय मोकळाच.

६. ब्रिज पिकअपची काळी आणि नेकची गरम वायर, दोन्ही होत्या तिथेच.

नॉब खाली म्हणजे नेहमीचा जॅझ. वर ओढला की सिरीज. सिरीजमध्ये नेकचा व्हॉल्यूम हाच मास्टर, ब्रिजचा नॉब निकामी. तो फिरवला तरी काही होत नाही, घाबरू नका.

नॉबचा पत्रा बंद करण्याआधी जॅकमध्ये केबल लावून मोजा. तुमच्या मापांवरून खाली ३.६ आणि वर साधारण १३.२ किलोओहम यायला हवं. वर ओढल्यावर ६.८ आलं तर नेकची काळी वायर अजून कुठेतरी ग्राउंडला टेकतेय, ब्रिजचं रीळ शॉर्ट झालंय. १२५ किलोच्या आसपास दाखवलं तर साखळी तुटलेली आहे: पाचव्या पायरीची जोडणी राहिली, नाहीतर ड्राय सोल्डर.

रीळ_आणि_चुंबक

वरच्या वायरिंगला दुजोरा. फक्त 'चमक कमी होते' याला आकडे देतो, म्हणजे अपेक्षा नीट राहतील. एका पिकअपचं इंडक्टन्स ४ हेन्री धरा. सहा मीटर केबलचे मीटरला १०० पिकोफॅरॅड दराने ६०० आणि आतल्या वायरिंगसकट एकूण ७५० पिकोफॅरॅड. एकट्या पिकअपचं शिखर (जिथे आवाज सर्वांत उठून येतो ती वारंवारता) २.९ किलोहर्ट्झच्या आसपास येतं. दोन समांतर म्हणजे २ हेन्री, शिखर ४.१ किलोहर्ट्झ. दोन सिरीज म्हणजे ८ हेन्री, शिखर २ किलोहर्ट्झ. स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) करायचं असेल तर नॉब खाली ठेवा, सिरीजमध्ये अंगठ्याचा टणत्कार मिळणार नाही.

याच हिशोबाने केबल तीन मीटरची केली तर एकट्या पिकअपचं शिखर २.९ वरून ३.७ वर जातं. केबल हा सुद्धा टोन कंट्रोल आहे, आणि तो कोणी मोजत नाही.

तपकीर_गल्ली

पॉट उघडताच आहात तर टोनचा कॅपॅसिटरही बदला. ऑइल पेपरवाला लावा, टोनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पोलिएस्टर एकदम कोरडा वाजतो.

रीळ_आणि_चुंबक

नाही पडत. टोन नॉब १० वर असताना कॅपॅसिटरच्या आधी २५० किलोओहम असतात. ४७ नॅनोफॅरॅडचा विरोध १ किलोहर्ट्झला जेमतेम ३.४ किलोओहम. २५० पुढे ३.४ असेल की ७, कानाला कळणार नाही. मग आत कागद असो की पोलिएस्टर. फरक किमतीला पडतो, मूल्याला नाव देऊन विकलं की सगळ्यांना ऐकू येतं.

मूल्य मात्र नॉब पूर्ण बंद केल्यावर जाणवतं. तेव्हा कॅपॅसिटर थेट पिकअपवर येतो आणि शिखर खाली सरकतं. ४७ नॅनो (वर ४७३ छापलेलं): समांतरमध्ये साधारण ५२० हर्ट्झ, सिरीजमध्ये २६०. २२ नॅनो (२२३ छापलेलं): समांतर ७६०, सिरीज ३८०. सिरीजमध्ये टोन बंद करून जुन्या गाण्यांचा गोल खर्ज हवा असेल तर २२ नॅनो घ्या. ४७ सिरीजमध्ये गढूळ होतो. साधा १०० व्होल्टचा पोलिएस्टर, दोन-पाच रुपयांचं काम. दोन्ही मगरचिमट्यांनी लावून बघा आणि मगच डाग द्या.

तपकीर_गल्ली

२२ बद्दल सहमत. ऑइल पेपरचं आपापल्या कानावर सोडू. २५० ऐवजी ५०० चे पॉट लावले तर?

पुणेरी_खर्ज

जॅझवर तीन पॉट पिकअपवर लटकलेले: दोन व्हॉल्यूम, एक टोन. २५० चे तीन म्हणजे एकूण ८३ किलोचा भार. ५०० चे केले तर १६७. वरची चमक वाढेल, शिखर टोकदार होईल. प्रश्नकर्त्याला मध्य हवाय, चमक नकोय. सिरॅमिक पिकअप आधीच वरून कडक असतात. माझं मत, २५० च ठेवा.

मंद्रसप्तक

सगळ्यांना धन्यवाद. उंची बदलली: जी बाजू २.२ मिमी, ई बाजू ३.२. जी तार आता बरोबरीने ऐकू येते. फिरून पाहिलं तर खिडकीकडे तोंड केल्यावर गुणगुणाट जवळजवळ जातो, म्हणजे चुंबकीय. पण स्टेजवर दिवे लागले की चरचरही असते, म्हणजे दोन्ही आहे.

आता दोन अडचणी. पत्रा उघडला तर पॉट छोटे, १६ मिमीचे आहेत, पत्र्याचं भोक ८ मिमीच्या आसपास. मिळालेला पुश-पुल पॉट आत जातच नाही. आणि माझ्या नेक पिकअपमधून दोन वेगळ्या वायरी नाही, एकच गरम वायर आणि तिच्याभोवती उघडी जाळी येते. काळी वायर कुठली धरायची?

लॅमिंग्टन_रोड

मोठ्या पॉटची मान इंच मापाची, तिला साडेनऊ मिमीचं भोक लागतं. पत्रा बॉडीवरून काढा, लाकडाच्या तुकड्यावर क्लॅम्पने घट्ट धरा आणि हाताच्या रीमरने भोक मोठं करा. ड्रिलने करू नका, दीड मिमीचा पत्रा बिट पकडतो आणि पंख्यासारखा फिरतो, बोटं जातील. रीमर नसेल तर गोल कानस, वीस मिनिटांचं काम.

नॉब बसणार नाही हेही लक्षात ठेवा. तुमच्या पॉटच्या दांड्याला १८ दाते, इंच मापाच्या पॉटला २४. प्लास्टिकचा नॉब जोर लावून बसवला तर फाटतो आणि पुश-पुल ओढताना हातात येतो. सहा मिमी दांड्याचा, १८ दात्यांचा छोटा पुश-पुलही मिळतो, तो मिळाला तर रीमर आणि नॉब दोन्हींची कटकट वाचते.

आणि खोली मोजा. पुश-पुल पत्र्याखाली तीन सेंटीमीटरपर्यंत खाली जातो, शेजारी जॅक आहे. खोबण उथळ असली तर पुश-पुलचा नाद सोडा, दोन नॉबच्या मध्ये ६ मिमीचं भोक पाडून छोटा टॉगल स्विच (डीपीडीटी, ऑन-ऑन, सहा पायांचा) लावा. वायरिंग तेच.

रीळ_आणि_चुंबक

जाळीवाल्या वायरीचं जरा सांभाळून. जाळी हीच पिकअपची दुसरी वायर आहे. सिरीजमध्ये ती ग्राउंडपासून सुटणार आणि ब्रिजच्या गरम टोकाला जोडली जाणार, म्हणजे जाळी स्वतःच सिग्नल वाहणार. मग दोन संकटं: उघडी जाळी तांब्याच्या टेपला किंवा पॉटच्या पाठीला टेकली की ब्रिज पिकअप गप्प, आणि नाही टेकली तरी ती सरळसरळ अँटेना, चरचर वाढणार.

बरोबर उपाय म्हणजे पिकअपच्या तळाशी दोन खिळे किंवा दोन डाग दिसतात, तिथून जुनी वायर काढून दोन वेगळ्या वायरी लावणं, एकमेकींना पीळ देऊन. पण त्या डागांना रिळाची केसाएवढी तार जोडलेली असते. आयर्न एक सेकंदाच्या वर टेकवू नका, ओढू नका, आणि जुनी वायर मोकळी होण्याआधी हलवू नका. ती तार तुटली की पिकअप गेला. हे धाडस नसेल तर जाळीवर पूर्ण लांबीभर हीट-श्रिंक नळी चढवा आणि ती जाळी स्विचपर्यंत न्या. थोडी चरचर सहन करा.

दोन्ही पिकअप तपासा. नेकला जाळी आणि ब्रिजला दोन वायरी असतील तर सिरीजच्या साखळीत भूमिका उलट करा: ब्रिज वर, नेक ग्राउंडला. मग जाळी कायम ग्राउंडवरच राहते आणि प्रश्नच मिटतो. अशा वेळी लॅमिंग्टन_रोड यांच्या पायऱ्यांत 'नेक' आणि 'ब्रिज' यांची अदलाबदल करा, सिरीजचा मास्टर ब्रिजचा नॉब होईल. मापंही बदलतील: नेकचं रीळ शॉर्ट झालं तर ६.८ ऐवजी ७.२ दिसेल.

पुणेरी_खर्ज

टेप आता लावाच, खोबण उघडी आहे. पन्नास मिमी रुंदीची तांब्याची टेप, चिकट बाजूनेही वीज वाहणारी. साध्या गोंदाची असेल तर दोन पट्ट्या एकमेकींवर चढवल्या तरी जोडल्या जात नाहीत, प्रत्येक सांध्यावर डागाचा ठिपका द्यावा लागतो. ॲल्युमिनियमची स्वस्त असते, पण तिला शिसं धरत नाही.

कंट्रोलची खोबण, दोन्ही पिकअपच्या खोबणी, पिकगार्डची मागची बाजू. खोबणीच्या काठावरून टेप एक सेंटीमीटर बाहेर काढा, म्हणजे पत्रा स्क्रूने दाबला की तिला टेकेल. पिकअपच्या खोबणी कंट्रोलच्या खोबणीशी एका वायरने जोडा. शेवटी कुठूनही कुठे मोजलं तरी एक ओहमच्या आत यायला हवं. त्याच वेळी ब्रिज ते जॅकचं बाहेरचं कडं हेही बघा, तेही तसंच.

सगळ्यात जास्त फसगत जॅकपाशी होते. प्लग आत गेला की जॅकची आतली पट्टी बाहेरच्या बाजूला वाकते आणि टेपला टेकते. केबल नसताना मीटर सगळं ठीक दाखवतो, केबल लावली की आवाज बंद. तिथे आतून इन्सुलेशन टेपचे दोन थर द्या, आणि तपासणी नेहमी प्लग लावून करा.

मंद्रसप्तक

नेकला जाळी, ब्रिजला दोन वायरी. म्हणजे भूमिका उलट करतो. मग आठ-दहा हजार पिकअपवर घालायची गरजच नाही असं समजू का?

रीळ_आणि_चुंबक

आत्ता तरी नाही. सिरीज करून महिनाभर वाजवा. त्यानंतरही फक्त ब्रिज पिकअपवर, समांतरमध्ये, गुणगुणाटाशिवाय वाजवायचं असेल, तेव्हाच पिकअप बदला, आणि तेव्हा दुसरे एकेरी रिळाचे घेऊ नका, पुन्हा हाच प्रश्न येईल. जॅझच्याच आकारात दुभंगलेल्या रिळाचे किंवा एकावर एक रिळाचे पिकअप मिळतात, प्रत्येक जण एकटाच शांत. डिमार्झिओचा अल्ट्रा जॅझ पहिल्या जातीचा, फेंडरचे नॉइजलेस दुसऱ्या जातीचे. ईएमजी ॲक्टिव्ह घेतलेत तर २५ किलोचे पॉट, ९ व्होल्टची बॅटरी आणि स्टिरिओ जॅक हे सगळं बदलावं लागतं, केबल लावून ठेवली की बॅटरी उतरते, आणि आत्ताचा सिरीज स्विच बहुधा काढावा लागेल.

मागवण्याआधी खोबणी मोजा. नेहमीच्या जॅझमध्ये नेक पिकअप सुमारे ९२ मिमी आणि ब्रिज सुमारे ९५ मिमी लांब. काही स्वस्त मॉडेलमध्ये दोन्ही सारख्याच लांबीचे असतात. तसं असेल आणि तुम्ही नेहमीचा संच मागवला, तर नेककडे दोन्ही टोकांना फट राहते.

एकच पिकअप बदलणार असाल तर जुन्याशी तो जुळतो का ते बघायला दोन्हींची तोंडं समोरासमोर आणा. ओढले गेले तर चुंबक उलट, गुणगुणाट कटण्याची शक्यता आहे. ढकलले गेले तर दोघांचे ध्रुव सारखे, वायरी कशाही लावा, टोन आणि शांतता दोन्ही एका वेळी मिळणार नाहीत. लावल्यावर दोन्ही उघडून वाजवा. खर्ज गायब आणि नाकातला आवाज आला तर एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल.

मंद्रसप्तक

वायरिंग झालं. खाली ३.६, वर १३.२. सिरीज अपेक्षेपेक्षा जाड आहे, डीआयवर पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) दाबावा लागला. एकच शंका: सिरीजमध्ये मास्टर शून्यावर नेला की आवाज बंद होतो, पण बारीक चरचर राहते. थोडा उघडला की उलट कमी होते. हे बरोबर आहे का?

लॅमिंग्टन_रोड

बरोबर आहे, जॅझच्या व्हॉल्यूमची वायरिंगच तशी. पिकअप मधल्या पायावर, आउटपुट कडेच्या. शून्यावर पिकअप ग्राउंडला जातो, पण आउटपुट थेट ग्राउंडला न जाता दोन्ही पॉटमधून, १२५ किलोवर लटकतं. तेवढ्यात चरचर शिरते. समांतरमध्येही दोन्ही नॉब शून्य केले की हेच होतं, ऐकून बघा.

पिकअप कडेच्या आणि आउटपुट मधल्या पायावर केलं तर शून्यावर ठार शांत होईल, पण मग समांतरमध्ये कुठलाही एक नॉब शून्य केला की दोन्ही पिकअप बंद. गाण्यांच्या मध्ये गप्प बसायचं असेल तर ट्यूनर पेडलचं म्यूट दाबा, वायरिंग आहे तशीच राहू द्या.

पुणेरी_खर्ज

आणि पॅड दाबलात तर मिक्सरवाल्याला एकदा सांगा. कार्यक्रमात मध्येच नॉब वर ओढलात की तो बिचारा फेडर खाली घेणार, आणि परत खाली केलात की बेस पुन्हा गायब. साउंडचेकला सिरीजवर लेव्हल ठरवा. समांतर फक्त स्लॅपच्या गाण्याला वापरा, त्या वेळी बोटांचा जोर वाढवा.